नऊ हजारांत दोघी: घटस्फोटानंतरच्या घरखर्चाच्या नोंदी

६ एप्रिल २०२५

परस्पर संमतीने झालेल्या घटस्फोटाचा हुकूमनामा मागच्या महिन्यात हातात आला. घरात दोघी, मी आणि नऊ वर्षांची लेक. नाशिकला पंचवटीत एका जुन्या वाड्यातली मागची खोली घेतली आहे. मोरी आत, संडास सामायिक. पगार एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवरचा, ९००० रुपये. लाडकी बहीणचे १५०० येतात. तो फॉर्म गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये भावाकडे राहत होते तेव्हा अंगणवाडीत भरलेला. लेकीसाठी महिना ५००० पोटगी ठरली आहे, पण ती मी हिशोबात धरलेली नाही. का, ते पुढे येईलच.

महिन्याचा अंदाज असा: भाडं ३८००, किराणा २२००, दूध रोज अर्धा लिटर म्हणजे ९००, भाजी ७००, गॅस ४५०, लाइट ३००, मोबाइल २००, जाणं-येणं ३००, औषधं-वह्या ४००. बेरीज ९२५०. म्हणजे पगारात २५० कमीच पडतात आणि आजारपण, सणवार, शाळेची फी यात धरलेलीच नाही.

माझ्यासारख्या अवस्थेतल्या बायकांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे. मन कसं सावरावं वगैरे इथे सापडणार नाही. कुठे पैसे वाचले, कुठे बुडाले, एवढंच.

१७ एप्रिल

डिपॉझिटचे १५००० भावाकडून उसने घेतले होते, ते फेडायला मंगळसूत्र मोडलं. तोळ्याचा भाव लाखाच्या आसपास गेला होता, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता.

मोडायला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. घरी आपण ज्याला वजन म्हणतो त्यात काळे मणी असतात, दोरा असतो आणि वाट्यांच्या पोटात लाख भरलेली असते. माझ्या समजुतीने ते बारा ग्रॅम होतं. सराफाने समोर बसून मणी उतरवले, वाट्या तापवून लाख काढली, डाग देऊन जोडलेली जागा कापून बाजूला ठेवली आणि काटा नऊच्या खाली थांबला. मग मशीनवर कस पाहिला, तो बावीस कॅरेटच्या खाली निघाला. पहिल्या दुकानात हे काहीच न करता "अंदाजे" रक्कम सांगत होते आणि बदल्यात नवा दागिना घ्या म्हणून मागे लागले होते. मोडीवर दागिना घेतला तर घट कमी धरतात, रोख मागितली की जास्त कापतात. मला रोखच हवी होती. दोन दुकानं फिरा, मणी उतरवून झाल्यावरचं वजन कागदावर लिहून घ्या, मगच भावाचं बोला. जुनी पावती असेल तर सोबत न्या, कसाबद्दल वाद घालायला तेवढाच आधार.

भावाचे पैसे दिले. उरलेल्यातले २०००० बँकेत वेगळे ठेवले. त्यांना हात लावायचा नाही.

२७ एप्रिल

आईच्या सांगण्यावरून वर्षाचे गहू भरायला घेतले. निफाडहून भावाच्या ओळखीने पन्नास किलोचं पोतं आलं, दुकानापेक्षा किलोमागे सहा-सात रुपयांनी स्वस्त. वाळवले, कडुलिंबाचा पाला घातला, पत्र्याच्या कोठीत भरले. (जूनअखेरची भर: मागची भिंत ओल धरते हे उन्हाळ्यात कळायला मार्ग नव्हता. गव्हाला पोरकिडे लागले. चाळून, पुन्हा वाळवून निम्मे वाचले, बाकीचे भावाच्या गोठ्यात गेले. साठवणीला कोरडी जागा लागते, नुसता स्वस्त भाव बघून भागत नाही. आता महिन्याला दहा किलो घेते आणि चक्कीवरून पाच-पाच किलो दळून आणते.)

११ मे

सगळ्यात जास्त वेळ खाल्लेली गोष्ट: भाडेकरार.

घरमालक काका माणूस चांगला, पण "कशाला हवा करार, ताई? मी काय तुम्हाला काढतोय का?" हे पालुपद. बाँडपेपरवर लिहून नोटरी करून देतो म्हणाले, दिलंही. तो कागद घेऊन गॅस एजन्सीत गेले, परत पाठवलं. आधार केंद्रावर गेले, तिथेही परत. नोटरीचे ६०० रुपये पाण्यात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल आणि पुढे वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे काकांना भांडणाच्या सुरात सांगितलं असतं तर खोली गेली असती. काकूंसमोर, चहा घेताना सांगितलं. त्यात त्यांचंच नुकसान आहे हे कळल्यावर दोन दिवसांत अंगठे द्यायला तयार झाले. एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, महापालिका हद्दीत नोंदणी फी १०००, शिवाय घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाचे पैसे. सगळा खर्च मी केला. अर्धा-अर्धा मागायला हवा होता असं बहीण म्हणते. असेल. पण पुढचं सगळं या एका कागदावर अडलं होतं: करार असेल तर आधारवर पत्ता, आधारवर पत्ता असेल तर रेशनकार्ड आणि गॅस. महिनाभर मी कोथिंबिरीच्या जुडीवर दोन रुपये वाचवत होते आणि इकडे हा कागद नाही म्हणून इंडक्शनवर स्वयंपाक करत होते. काका सबमीटरवर युनिटला १२ रुपये घेतात.

२४ मे

आधारवर पत्ता बदलला, ५० रुपये लागले. नाव बदललं नाही. माहेरचं नाव लावायचं तर राजपत्र, पॅन, बँक, लेकीचे शाळेचे कागद, सगळीकडे नव्याने सुरुवात. आडनाव खटकतं, पण आत्ता ती चैन परवडत नाही.

रेशनकार्डासाठी जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मागतात, आणि जुनं कार्ड आधीच्या नवऱ्याकडे. मागितलं, मिळालं नाही. शेवटी हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची नक्कल, करार, आधार आणि कार्ड मिळत नसल्याचं स्वयंघोषणापत्र जोडून धान्य वितरण कार्यालयात अर्ज दिला, पोच घेतली. नकला न्यायालयातून एकदमच चार-पाच काढून ठेवा. मी दोनच घेतल्या होत्या आणि एक जमा होऊन बसली.

कार्यालयाच्या बाहेर टेबल मांडून बसलेल्या एकाने प्रतिज्ञापत्र ५०० च्या स्टॅम्पवर करायला लावलं. सरकारी दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, हे आतल्या बाईंनी नंतर सांगितलं. त्याच माणसाने "उत्पन्न पंच्याण्णव हजार दाखवू, केशरी कार्ड काढून देतो" अशीही गळ घातली. माझं वर्षाचं १,०८,००० होतं. लाखाच्या वर उत्पन्न म्हणजे पांढरं कार्ड. केशरी घेऊन तरी काय? शहरात प्राधान्य कुटुंबात बसायला उत्पन्न ५९००० च्या आत लागतं, तेव्हाच माणशी ५ किलो धान्य मिळतं. खोट्या उत्पन्नावर सही करायची आणि धान्यही नाही.

पांढऱ्या कार्डाचा उपयोग वेगळा आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या कार्डालाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. माझ्यासाठी कार्ड काढण्याचं कारण एवढंच होतं. उद्या लेकीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं तर ते २०००० कुठवर पुरणार?

१ जून

लग्नसराईत आहेराचे १७०० गेले. पुढच्या वर्षी सख्ख्यांनाच. बाकीच्यांना फोन.

१९ जून

शाळा बदलली. आधीची इंग्रजी शाळा वर्षाला २४०००, व्हॅन वेगळी. ही फी पोटगीतून जायची होती. मार्च-एप्रिलची पोटगी आली, मेची नाही. शाळेने मागची बाकी भरल्याशिवाय दाखला देणार नाही असं सांगितलं.

अडून बसले नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम ५ मध्ये स्पष्ट आहे की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही. जवळच्या अनुदानित मराठी शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंना हे सांगायचीही गरज पडली नाही. त्यांनी आधार आणि जुनं प्रगतिपुस्तक बघून चौथीत बसवलं, दाखला नंतर मागवून घेऊ म्हणाल्या. पाठ्यपुस्तकं मोफत, दुपारी खिचडी किंवा आमटी-भात. शाळा चालत दहा मिनिटांवर.

लेक पहिले काही दिवस घुम्यासारखी होती. गणितातले "अंश-छेद" तिला न्यूमरेटर म्हणून माहीत. रात्री मी तिच्यासोबत बसते. इंग्रजी मात्र मागे पडू द्यायचं नाही, त्यासाठी वाड्यातल्या कॉलेजच्या मुलीला महिना ३०० देते.

वर्षाचा हिशोब केला तर फी आणि व्हॅन मिळून महिन्याला जवळपास २८०० वाचले. त्याच काळात किराण्यातून काटकसर करून वाचले ते महिन्याला तीन-साडेतीनशे. तेल कमी, तूरडाळीत मसूर, बुधवारी गंगेवरच्या (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) बाजारात दिवेलागणीला जाऊन उरलेली भाजी. गंगेला पाणी आलं की तो बाजारही बसत नाही. खाण्यात आता आणखी कापण्यासारखं काही नाही, आणि वाढत्या वयाच्या मुलीच्या ताटातून तर नाहीच. दूध कमी करून पाहिलं होतं, आठवड्यात पुन्हा सुरू केलं.

६ जुलै

जुना फ्रिज घेतला, ४५००. भाजी सडते, दूध फाटतं, या हिशोबाने. तीन आठवडे चालला आणि गार करायचा थांबला. मेकॅनिकने गॅस भरायचे २२०० सांगितले, कॉम्प्रेसरची खात्री नाही म्हणाला. तेवढ्यात काकांचं लाइटबिल आलं: फ्रिजने दिवसाला सव्वा युनिटच्या आसपास खाल्लं होतं, म्हणजे १२ च्या दराने महिन्याला साडेचारशे. नासाडी वाचत होती फार तर दीडशेची. फ्रिज १२०० ला भंगारवाल्याला दिला.

वापरलेली वस्तू घेताना किमतीच्या आधी वीज विचारा, आणि सबमीटर असेल तर दर विचारा. काकांशी दराचंही बोलले. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांचा टप्पा सगळ्यात स्वस्त असतो. दोन घरं एका मीटरवर आली की वापर पुढच्या महाग टप्प्यात जातो, म्हणून ते १२ लावतात, अगदीच मनाने नाही. शेवटी ठरलं असं की बिल दोघांनी समोर ठेवायचं आणि युनिटच्या प्रमाणात वाटायचं. शिवाय पंखा बदलला. जुना ७५ वॉटचा होता, बारा तास चालला की महिन्याला २७ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॉटचा, त्याच वापरात ११. पंखा २६०० ला पडला, पण खोली सोडताना काढून नेता येतो. फ्रिजसारखी फसगत नाही.

३ ऑगस्ट

गॅस जोडणी अखेर माझ्या नावावर. सिलिंडरचं डिपॉझिट २२००, रेग्युलेटर २५०, पाइप आणि पासबुक वेगळं. मधल्या काळात ५ किलोची छोटी टाकी घेतली होती. तिला पत्त्याचा पुरावा लागत नाही, नुसतं ओळखपत्र चालतं. पण ती व्यापारी दराने मिळते, किलोमागे चांगलीच महाग. करारावरून पत्ता होईपर्यंतची सोय म्हणून ठीक. मोठी टाकी साडेआठशेच्या घरात मिळाली, दोघींना दोन महिने जाते.

मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेतले वर्षाला तीन मोफत सिलिंडर लाडकी बहीणवाल्यांना मिळतात असं ऐकून उड्या मारत गेले होते. १ जुलै २०२४ नंतर वेगळं झालेलं रेशनकार्ड त्यात बसत नाही. माझं कार्ड यंदाच्या जूनमधलं. विषय संपला.

३१ ऑगस्ट

सकाळी साडेपाच ते सात एका मेसमध्ये पोळ्या लाटायला लागले. पोळीला दोन रुपये, रोज चाळीसेक. मेसवाल्या मावशींनी आधी घरून करून आणा, तीन देते म्हटलं होतं. पीठ त्यांचं, पण गॅस आणि तेल माझं, शिवाय सकाळी खोलीत धूर आणि लेक झोपलेली. एक आठवडा घरी करून टाकी किती उतरते ते पाहिलं आणि त्यांच्या ओट्यावर दोन रुपयांनी करायचं ठरवलं. खर्च शून्य, नाश्ता तिथेच होतो. लेकीला शेजारच्या आजी उठवतात.

महिन्याला दोन हजारांच्या आसपास. यातले ५०० पोस्टात आवर्ती ठेवीत. पाच वर्षांची मुदत, सध्या ६.७ टक्के. मोडायची इच्छा झाली तरी तीन वर्षांआधी मोडता येत नाही, हे मला सोयीचंच.

पोस्टात फॉर्म भरताना वारसाचं (नॉमिनीचं) नाव लिहिलं आणि धस्स झालं. बँकेच्या खात्यावर, पगाराच्या खात्यावर अजून त्याचंच नाव वारस म्हणून. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढून सगळीकडे लेकीचं नाव लावलं. मूल अल्पवयीन असलं की सोबत पालक म्हणून कुणाचं तरी नाव द्यावं लागतं. मी भावाचं दिलं. बँकेत गेलेच होते तर अपघात विम्याचे २० रुपये आणि जीवन ज्योती आयुर्विम्याचे ४३६ खात्यातून कापायला सांगितले. दोन्ही वर्षाचे आहेत.

५ ऑक्टोबर

पोटगी: मे नाही, जून अर्धी, जुलै नाही, ऑगस्ट पूर्ण, सप्टेंबर नाही. हिशोबात धरली असती तर जुलैतच हात रिकामे झाले असते. आली की ती सरळ २०००० वाल्या खात्यात टाकते.

थकबाकीसाठी दरखास्त (हुकूमनाम्याची अंमलबजावणी मागणारा कोर्टातला अर्ज) लावायची तर वकिलाची फी कुठून आणायची? घटस्फोटाच्या वेळी ३५००० गेले होते. लॅबमधल्या एका ताईंनी सांगितलं म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ खाली बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. साधा अर्ज, आधार, हुकूमनाम्याची नक्कल. वकील मिळाल्या, तरुण आहेत, फोन उचलतात. बँकेचं पासबुक भरून घेऊन कुठल्या महिन्याला किती आले याचा तक्ता करून दिला. त्यांचं अर्धं काम त्यानेच झालं म्हणाल्या. पैसे रोखीत कधीच घेऊ नका, "हातात दिले होते" म्हटलं की तुमच्याकडे पुरावा नसतो. मी एकदा रोख नाकारले, त्यावरून बोलणी खाल्ली.

२३ नोव्हेंबर

लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी. पोर्टल पती किंवा वडिलांचा आधार मागतं. वडील नाहीत, नवरा आता नवरा नाही. सायबर कॅफेवाला म्हणाला, "ताई, जुना आधार नंबर माहीत असेल तर टाकून द्या, कोण बघतंय." मी टाकला नाही. आपणच पुन्हा त्याची बायको म्हणून नोंद करून घ्यायची आणि उद्या दरखास्तीत त्याच्या वकिलाने तेच दाखवायचं! अंगणवाडीच्या ताईंकडे हुकूमनाम्याची आणि वडिलांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत दिली, स्वतःची केवायसी केली, पोच मागून घेतली. मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली होती.

संजय गांधी निराधार योजनेतही घटस्फोटित बायका बसतात, पण उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१०००. मी बसत नाही. ज्यांचं काहीच उत्पन्न नाही त्यांनी विचारा, मात्र त्याचे १५०० सुरू असतील तर लाडकी बहीणचे वेगळे मिळत नाहीत.

१८ जानेवारी २०२६

बालसंगोपन योजनेची गृहभेट झाली. ही योजना फक्त अनाथ मुलांसाठी असं मला वर्षभर वाटत होतं. एकपालक मुलांनाही लागू आहे, घटस्फोटितांच्याही. महिन्याला २२५० रुपये, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे, मंजुरी बालकल्याण समितीची. कागद: दोघींचे आधार, शाळेचा बोनाफाईड, हुकूमनामा, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि राहत्या घरासमोर आई-मुलीचा फोटो. तो फोटो काढताना काका स्वतः मोबाइल घेऊन उभे, "जरा दार दिसू दे" म्हणत. मागे नळाची रांग, बादल्या, सगळं आलं. चालतं, उलट घर खरं असल्याची खात्री पटते.

भेटीला आलेल्या बाईंनी भांडी मोजली नाहीत, पुस्तकं कुठे ठेवतेस ते लेकीला विचारलं. पैसे लगेच येत नाहीत, काही महिने थकून एकदम येतात, असं त्यांनीच सांगून ठेवलं. म्हणजे हेही पोटगीच्याच खात्यात धरायचं, महिन्याच्या खर्चात नाही.

२२ मार्च

करार एप्रिलमध्ये संपतोय. काका भाडं ५०० ने वाढवा म्हणाले. शेजारच्या गल्लीत ३६०० ची खोली पाहून आले, पण तिथे शाळा दूर आणि पुन्हा नवा पत्ता म्हणजे आधार, रेशन, गॅस, शाळा, बँक, सगळ्यांच्या फेऱ्या. लॅबमधून सुट्टी घेतली की दिवसाचे तीनशेच्या वर कापतात. सामानाचा टेम्पो हजार-बाराशे. गणित घातलं तर स्वस्त खोलीतली बचत वर्षभर या खर्चात आणि फेऱ्यांतच गेली असती. काकांना २५० वर आणलं, नोंदणीचा खर्च या वेळी अर्धा-अर्धा, आणि मागच्या भिंतीला पावसाच्या आधी बाहेरून गिलावा. तो करारात लिहून घेतला आहे. गिलावा मेमध्ये झाला तर गहू भरेन, नाहीतर नाही.